पट्टाया : सूर्यास्तानंतर जागे होणारे शहर

मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेले विमान चार-साडेचार तासांत बँकॉकला पोहोचते, तेव्हा तेथे उजाडू लागलेले असते. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. हे नाव जैन कथासाहित्याला अपरिचित नाही. ‘वसुदेवहिंडी’ या प्राचीन प्राकृत ग्रंथात चारुदत्त नावाचा श्रेष्ठीपुत्र धनार्जनासाठी देशोदेशी भटकतो, आणि त्या भटकंतीत सुवर्णभूमीचा उल्लेख येतो. त्याच प्रवासात एका बिकट वाटेवर सोबती बोकड मारावयास निघतात. चारुदत्त विरोध करतो, पण त्याचे काही चालत नाही. वाट परकी असली की स्वतःचा नियम सांभाळणे किती अवघड होते, हे त्या कथाकारासही ठाऊक होते.

डिसेंबरातील एका सकाळी सांगलीकडील एका कापड व्यापाऱ्याचे कुटुंब या विमानतळावर उतरले. व्यापारी, त्यांची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. आईंचा चौविहार अनेक वर्षांचा. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. ‘माझ्यामुळे तुमची अडचण नको,’ म्हणून त्या यायलाच तयार नव्हत्या. ‘आई, तुझी सगळी व्यवस्था होईल,’ असा शब्द मुलाने दिला, तेव्हा कुठे त्या निघाल्या. खाखऱ्यांचा एक मोठा डबा मात्र त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

विमानतळापासून आग्नेयेकडे जाणाऱ्या महामार्गाने सुमारे दोन तासांत पट्टाया येते. थायलंडच्या आखातावरील, चोनबुरी प्रांतातील हे शहर एके काळी कोळ्यांचे लहानसे गाव होते. १९६०च्या दशकात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकी सैनिक विश्रांतीसाठी येथे येऊ लागले आणि गावाचे नशीब पालटले. सैनिक गेले, पर्यटक आले. १९७८ मध्ये शहराला स्वतंत्र विशेष प्रशासन मिळाले. आज किनारी रस्त्यावर उंच हॉटेले, मालिशगृहे, चलन बदलून देणारी दुकाने आणि नारळपाण्याच्या गाड्या यांची अखंड रांग आहे. भारतीयांची ये-जा इतकी, की अनेक उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘जैन भोजन’ अशी अक्षरेही दिसतात.

हॉटेलात खोली दुपारी दोनला मिळाली. रात्रभराचे जागरण झालेले; सर्वांना गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीतून येणारे ऊन तिरपे झाले होते. डिसेंबरात येथे सहाला काही मिनिटे असतानाच सूर्य मावळतो. सांगलीतही तेव्हा सूर्यास्त सहाच्या सुमारासच. पण शरीर अजून भारतीय वेळेवर होते, आणि त्याच्या हिशेबाने जेमतेम साडेचार वाजत होते. कोणालाच भूक नव्हती, म्हणून कोणाच्याच लक्षात आले नाही. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचे जेवण आठ वाजता होते. मुलगा घाईने खाली उतरला, दोन-तीन भोजनालयांत विचारून आला. स्वयंपाक सातनंतर, असेच उत्तर सर्वत्र मिळाले. तो परतला तेव्हा आईंनी दोन कोरडे खाखरे खाऊन, पाणी पिऊन डबा बंद केला होता. समोरच्या समुद्रात सूर्य बुडत होता.

‘तुम्ही जेवून या. माझं झालं,’ एवढेच त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच मुलाला ते अधिक लागले.

पट्टायाचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्यास्त येथे रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होतो, आणि शहराचा खरा दिवस त्यानंतरच सुरू होतो. ‘वॉकिंग स्ट्रीट’ या दक्षिणेकडील रस्त्यावर संध्याकाळी वाहने बंद होतात, दिव्यांच्या पाट्या झळाळू लागतात, संगीताचा कल्लोळ उसळतो. मद्यालये आणि नृत्यगृहे यांवर त्या भागाचा संसार चालतो. कुटुंबाने तिकडे जावे असे तेथे काही नाही, आणि न गेल्याने काही राहूनही जात नाही. नियम पाळणाऱ्या माणसाचा दिवस जेथे संपतो तेथे या शहराचा सुरू होतो. प्रश्न होता तो या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याने सहलीचा कागद बाजूला ठेवला आणि शहर समजून घेण्यास आरंभ केला. त्याची रचना सोपी आहे. समुद्राला लागून किनारी रस्ता. त्यावरील वाहतूक उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्याला समांतर ‘सेकंड रोड’. त्यावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे. या वर्तुळात निळ्या उघड्या गाड्या फिरत असतात. मागे समोरासमोर दोन बाके. म्हणून तिचे नाव ‘सोंगथाव’, म्हणजे दोन रांगा. हात केला की गाडी थांबते, उतरायचे झाले की घंटीचे बटण दाबायचे आणि खाली उतरून चालकाला ठरलेले भाडे द्यायचे. चढण्यापूर्वी भाव विचारला, तर चालक ती स्वतंत्र भाड्याची फेरी समजून बराच मोठा आकडा सांगतो. जन्मभर भाव विचारल्यावाचून काही न घेतलेल्या माणसाला न विचारता चढणे जड गेले. पण एका फेरीत हेही अंगवळणी पडले.

अन्नाची भाषा शिकण्यास थोडा अधिक वेळ लागला. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’, म्हणजे माशांचा खारट अर्क, जवळजवळ सर्वत्र असतो. कच्च्या पपईची ‘सोम ताम’ ही कोशिंबीर दिसावयास निर्दोष. पण तिच्यातही हा अर्क आणि वाळलेली कोळंबी असते. शाकाहारासाठी थाई भाषेत ‘मंगसविरत’ हा शब्द आहे. तो मूळचा ‘मांसविरति’. प्रवचनातून कानी पडणारा विरति हा शब्द परक्या बाजारात असा भेटावा, याचे आईंना मोठे नवल वाटले. दुसरा उपयोगी शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला असतो. चिनी परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. बटाटा, गाजर, मुळा मात्र चालतो. म्हणून कंदमूळ न खाणाऱ्याने तेथेही विचारून घ्यावे. तीच सावधगिरी ‘जैन भोजन’ लिहिलेल्या पाटीपाशीही हवी. काही ठिकाणी त्याचा अर्थ केवळ कांदा-लसूण नाही इतकाच असतो, आणि भाजीत बटाटा निघतो.

सेकंड रोडवरील एका भारतीय भोजनालयात दुपारी चारच्या सुमारास व्यापारी गेला. सर्व टेबले रिकामी होती. दुकानदाराला दुकानदाराची अडचण लवकर कळते. ‘या वेळी तुमच्याकडे गिऱ्हाईक नसते. पाच दिवस आम्ही पाच माणसे पावणेपाचला येऊ. मूग, भात, फुलके, एक हिरवी भाजी, कंदमूळ नको. चालेल?’ मालकाने क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहिले आणि मान डोलावली. रिकाम्या वेळेला गिऱ्हाईक मिळाले, नियमाला वेळ मिळाली. कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

मग शहर बदलले नाही, पण राहण्याजोगे झाले. सकाळी उत्तरेकडील नाकलुआ भागात ‘सत्याचे अभयारण्य’ पाहावयास सर्व गेले. लेक विरियाफान या उद्योगपतीने १९८१ मध्ये आरंभिलेली ही समुद्रकाठची प्रचंड वास्तू संपूर्ण लाकडाची आहे. हिंदू आणि बौद्ध परंपरांतील असंख्य मूर्ती तिच्यावर कोरलेल्या आहेत. खाऱ्या वाऱ्याने जुने लाकूड झिजते, म्हणून एकीकडे नवे कोरीव काम आणि दुसरीकडे जुन्याची दुरुस्ती सतत चालते. छिन्नी चालवणाऱ्या कारागिरांपाशी आई बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘हे कधी पूर्ण होणार?’ नातवाने विचारले. ‘रोज करायचं काम आहे हे,’ त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी पाचची जेवणे आटोपून कुटुंब किनाऱ्यावर येऊन बसले. सूर्य पाण्याला टेकला. मागे एकेक करून दिवे लागू लागले, कुठे ढोल वाजू लागला; शहर उठत होते. आईंनी घोटभर पाणी पिऊन बाटली सुनेच्या हाती दिली आणि डोळे मिटून हात जोडले. मुले वाळूत खेळत राहिली.

रात्री सामान भरताना सुनेने पिशवीतील खाखऱ्यांचा डबा उचलला. तो निम्म्याहून अधिक भरलेलाच सांगलीला परत जात होता.