सड्यावरची चाकोरी

स्मरणिकेसाठी शाळेच्या यशाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले होते. निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्तीधारकांची नावे, ग्रंथालयाची वाढ हे सर्व इतर सहकारी लिहीतच आहेत. आम्ही मात्र एका अर्धवट राहिलेल्या प्रवासाविषयी लिहिणार आहोत. तो अर्धवट राहिला, यात दोष आमचा होता. ज्यांनी तो पाहिला ती मुले आता शाळेबाहेर पडली आहेत, आणि त्यांच्या मागून आलेल्या मुलांना तो निराळ्या रीतीने, बहुधा पराक्रम म्हणून, सांगितला जातो असे आमच्या कानी आले आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातील ही गोष्ट. आमच्या क्रीडाशिक्षकांनी मुलांना भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखविली होती. स्कॉटलंडमधील ओल्या, दलदलीच्या माळरानावरून काही स्वार सायकलच्या चौकटीला, दांड्याला आणि बैठकीमागे पिशव्या बांधून दिवसचे दिवस जात आहेत, मुक्काम पडेल तेथे झोपत आहेत. नववीची मुले हरखून गेली. ‘सर, आपल्याकडे असा माळ नाही का?’ असा प्रश्न आला. आम्ही म्हणालो, आहे. तुमच्या डोक्यावरच आहे. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मध्ये जी डोंगरसोंड समुद्रात उतरते, तिच्या माथ्यावरून आत पसरलेला सडा आम्हांस लहानपणापासून परिचयाचा.

त्या एका उत्तरातून बेत उभा राहिला. आरे-वारेहून निघायचे आणि मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी पोहोचायचे. नेवरे, मालगुंड, जयगड. तेथून शास्त्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडून तवसाळ. हेदवी, गुहागर, धोपावे. पुन्हा फेरीबोटीने वाशिष्ठीपार दाभोळ. मग दापोली, रमाईंचे माहेर वणंद, मंडणगड आणि आंबडवे. दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर आणि चार दिवस. अकरा मुले, क्रीडाशिक्षक, वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडम आणि आम्ही. मॅडम दुचाकीने रस्त्यावरून पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था पाहणार होत्या. पिशव्या खताच्या पोत्यांच्या शिवल्या आणि त्या फुटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळल्या. चित्रफितीतल्या पिशव्यांहून त्या टिकल्याही असतील.

सागरी रस्ता चांगला असताना सड्यावरून जाण्याचा हट्ट आमचा एकट्याचा. त्याचे कारण इतिहासाच्या पुस्तकात अर्धे आणि घरात अर्धे होते. आमचे आजोबा वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी करीत. डोंगरउताराची ती हलकी जमीन. राब भाजून दोन-तीन वर्षे पिकवायची, मग पड टाकायची. पिकाचा ठरलेला भाग खोताचा, आणि तो त्याच्या अंगणात नेऊन टाकण्याचे कामही कुळाचेच. आजोबा तो डोक्यावरून नेत, त्याची वाट सड्यावरून जाई. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या जानेवारीत त्यासाठी हजारो शेतकरी मुंबईच्या रस्त्यांवर चालले; त्यांत कोकणातले महार होते आणि कुणबीही होते. कायदा यायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली. वर्गात हे आम्ही अनेक वर्षे शिकवीत आहोत. मुले तारखा लिहून घेतात. ती वाट त्यांच्या पायांखालून जावी, असे आम्हांस फार वाटत होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेत वर्षावासानिमित्त आलेल्या भन्तेंना मुले वंदन करावयास गेली. त्यांनी बेत ऐकून घेतला व वर्षावासाची मूळ कथा सांगितली. पावसाळ्यातही भिक्खू फिरत, कोवळे गवत तुडवीत, बारीक जीव त्यांच्या पायांखाली मरत; लोक म्हणू लागले की पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात बसतात, हे मात्र हिंडतात. तेव्हा तथागतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. महावग्गात ही कथा आहे. आम्ही नम्रपणे म्हणालो, ‘भन्ते, हा नियम भिक्खूंना, आम्ही गृहस्थ.’ ते हसले आणि म्हणाले, ‘नियम भिक्खूंना आहे. गवत सगळ्यांचंच आहे.’ आम्हांस ते उत्तर आवडले, आणि तेवढ्यावरच आम्ही ते सोडून दिले.

ज्यांनी भाद्रपदातला सडा पाहिला नाही, त्यांना तो शब्दांत दाखविणे कठीण. वैशाखात तोच जांभा खडक काळा ठिक्कर असतो, अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाने त्यावर बोट-दोन बोटे मातीचा थर भिजतो, खळग्यांत पाणी साचते, आणि खालचा कातळ ते सहजी मुरू देत नाही. स्कॉटलंडच्या माळावर कुजक्या शेवाळाचा थर हजारो वर्षे साचत आलेला. तेथे पाय खोल जातो. येथे दलदल उथळ, जेमतेम चार-पाच महिन्यांची, आणि तिच्या तळाशी कातळाची भोके. पण दोन्हीकडच्या मातीचे दारिद्र्य सारखे. त्यामुळे दवबिंदू ही किडे खाऊन जगणारी वनस्पती तेथेही आहे आणि येथेही. पांढऱ्या गेंदांची गालिच्यासारखी पसरण, त्यात निळी-जांभळी सीतेची आसवे. नाव कोणी का दिले असेना, फूल देखणे आहे. पाण्यातले बारीक जीव ते इवल्या पिशव्यांत ओढून घेते, हे मुलांना सांगताच सारी तुकडी गुडघ्यांवर बसली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर हत्ती-गेंड्यांची कातळशिल्पे सापडली आहेत. त्यांतला गेंडा आज कोकणात कोठेही नाही. आम्ही तेही सांगितले. पहिला तास फार आनंदाचा गेला.

नंतर वाट तुटली. जेथून आजोबा जात, तेथे आता तारेचे कुंपण. सुरुंगांनी कातळ फोडून, बाहेरची माती भरून लावलेली हापूसची कलमे पलीकडे ओळीने उभी. कुंपणाच्या कडेने गेलो तर चिऱ्यांची खाण, पाण्याने भरलेली. क्रीडाशिक्षक म्हणाले, ‘सर, मागे फिरून रस्ता धरू या.’ वेळ दहाची होती, मागे फिरणे शक्य होते. आम्ही म्हणालो, मधल्या पाणथळीतून काढू. पलीकडे वाट पुन्हा मिळेल.

पाणथळ पाऊण किलोमीटर असेल. ओझे लादलेल्या सायकली त्यात चालेनात. चिखल व गवत यांचा लगदा चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसे, चाक फिरेनासे होई, काडीने तो उकरून काढावा, दहा पावले जावे, पुन्हा तेच. शेवटी दोघांनी एक सायकल उचलायची असे ठरले. त्यात एका मुलाचा डावा पाय पाण्याखालच्या भोकात गेला आणि सायकल त्याच्यावर आली. तो लगेच उठला. ‘काय नाय सर, जरा मुरगळला.’ त्याने बुटाची नाडी घट्ट आवळली आणि हसला. वाट पलीकडे मिळाली. ती आजोबांचीच होती काय, हे आम्हांस आज सांगता येणार नाही.

हा मुलगा मंडणगडकडचा. वडील मुंबईत, आई गावी. चौथ्या दिवशी आई आंबडव्याला येणार होती. मुलगा सायकलवरून येताना तिला दिसणार होता. हे आम्हांस ठाऊक होते.

जयगडला संध्याकाळ झाली. शेवटच्या फेऱ्यांपैकी एका बोटीने आम्ही तवसाळला उतरलो. धक्क्यावरून चढ लागतो. त्या चढावर तो मुलगा केवळ उजव्या पायाने पायंडल मारीत होता; डावा पाय नुसता टेकलेला. आम्ही ते पाहिले. आम्ही विचारलेही, पण ज्या प्रश्नाला एकच उत्तर असते तो प्रश्न विचारला. ‘ठीक आहेस ना?’ तो म्हणाला, ‘हो सर.’

दुसरा दिवस लांब होता. हेदवी, गुहागर, धोपावे. पावसाच्या सरी, मुंबईहून गणपतीला आलेल्या गाड्यांची गर्दी, एका सायकलची साखळी दोनदा तुटली. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

दाभोळच्या धक्क्यावर बोलावयाचे भाषण आम्ही महिनाभर तयार केले होते. मध्ययुगाच्या पुस्तकात दाभोळला मान आहे: बहामनी व आदिलशाही काळातले मोठे बंदर, गलबते, व्यापारी, मशिदी. याच बंदरात रमाईंचे वडील भिकू धुत्रे मासळीच्या टोपल्या वाहत. टोपली वाहणाऱ्या माणसाचा उल्लेख त्या मोठ्या पुस्तकांत सापडत नाही. आपण तो आपल्या घरांतून आणि चरित्रांतून जपला. ओझे, पाय, चढ, अंतर यांविषयी आम्ही वीस मिनिटे बोललो. मुले अर्धवर्तुळात उभी होती. भाषण चांगले झाले, असे आम्हांस त्या वेळी वाटले. त्या वीस मिनिटांत तो मुलगाही उभाच होता.

मुक्कामावर त्याचा बूट निघेना. मॅडमनी कात्रीने नाडी कापली. पाय घोट्याच्या वर निळा-काळा झाला होता. मुलांना बाहेर पाठवून मॅडम आमच्याकडे वळल्या. ‘सर, काल तवसाळच्या चढावर तुम्ही ह्याच्या पायाकडे बघितलं होतं. तुम्ही बघताना मी तुम्हाला बघितलं. मला वाटलं, सरांनी बघितलंय म्हणजे सर बघतील.’

आम्हांजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर होते: आंबडवे दोन दिवसांवर आले होते.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही मुलाला घेऊन दापोलीस गेलो. घोट्याच्या हाडाला चीर होती. तुकडी क्रीडाशिक्षकांबरोबर पुढे गेली, वणंद पाहून ठरल्या दिवशी आंबडव्यास पोहोचली. मुलांनी स्मारकापुढे त्रिसरण-पंचशील घेतले, त्याचे छायाचित्र शाळेच्या कार्यालयात लावलेले आहे. पुष्कळांना वाटते की आम्ही ते छायाचित्र काढीत होतो, म्हणून त्यात दिसत नाही.

मुलाची आई दुपारी दापोलीस आली. तिला काय सांगावयाचे, याची वाक्ये आम्ही बाकावर बसून जुळविली होती. पाय भोकात गेला, हे सांगितले. आम्ही आदल्या दिवशी पाहिले होते, हेही सांगितले. ती काही वेळ प्लास्टरवरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, ‘सायकल कुठाय? त्याच्या मामाची हाय ती.’ सायकल दाभोळला होती. ती आणून पोहोचवतो, असे आम्ही म्हणालो. ‘तुम्ही नको, सर,’ ती म्हणाली. ‘मामा जाईल.’ ते ‘नको’ आम्ही पुष्कळ दिवस मनात उलटसुलट करून पाहिले. त्यात राग होता की आमच्या वयाची काळजी, याचा उलगडा झाला नाही, आणि विचारण्याचा अधिकार आम्ही गमावला होता.

मार्गशीर्षात आम्ही एकटेच सड्यावर गेलो. पाणी आटले होते. गेंद वाळून करडे झाले होते. आमच्या चाकांच्या चाकोऱ्या मात्र चिखल सुकल्यामुळे तशाच राहिल्या होत्या. कोठे सायकल उचलली, कोठे ठेवली, सर्व वाचता येत होते. चाकोरीच्या दोन्ही बाजूंना गवताची वाळकी काडी उभी होती, चाकोरीत नव्हती. पुढच्या पावसाने ते बहुधा भरून काढले असेल. भन्तेंना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी केवळ मान हलविली.

पुढल्या वर्षीपासून यात्रा आश्विन पौर्णिमेनंतर, वर्षावास संपल्यावर, रस्त्याने निघते. रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाचे बूट काढून पाय पाहिले जातात. हे काम मॅडमनी आमच्याकडे दिले आहे. पहिल्या वर्षी तो मुलगा दहावीत होता, तरी हट्टाने आला. आरे-वारेच्या चढावर, जेथून सड्याची वाट फुटते, तेथे तो थांबला. सायकल गडग्याला टेकवून चालतच वर गेला, पाण्याच्या एका डबक्याजवळ उकिडवा बसून काही वेळ पाहत राहिला आणि परत आला. चौथ्या दिवशी दुपारी, आंबडव्याच्या शेवटच्या वळणाआधी, त्याने सर्वांना मागे राहावयास सांगितले. आम्हीही मागे राहिलो.