पाणवठ्याचे मालक

विल्यम वायलर यांच्या 'द बिग कंट्री' (१९५८) या वेस्टर्न चित्रपटाचे कथासूत्र म्हणजे दोन गुरेपालक घराण्यांचे वैर. एका बाजूला मेजर टेरिल, दुसऱ्या बाजूला रूफस हॅनासी. वैराचे निमित्त 'बिग मडी' हा पाणवठा, आणि तो या दोघांपैकी कोणाच्याच मालकीचा नाही. आजोबांच्या वारशाने तो ज्युली मॅरागॉन या शिक्षिकेकडे आला आहे आणि ती दोघांच्याही गुरांना पाणी पिऊ देते. पाणी दोघांना पुरणारे आहे. दोघांनाही हवा आहे तो दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार. परभणी जिल्ह्यातील प्रेक्षकाला टेक्सासची ही कथा परकी वाटत नाही, याचे कारण येथे शोधावे लागते.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा हा जिल्हा. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो, २०८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि जालना जिल्हा ओलांडून परभणीत उतरतो. येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात त्यामुळे एक स्वतंत्र शब्दकोशच तयार झाला आहे : पाळी, आवर्तन, चारी, दारे धरणे, पाटकरी आणि 'टेल'. टेल हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण आता तो एका माणसाची सामाजिक जागा सांगतो. ज्याचे शेत चारीच्या शेवटाला, तो टेलचा. वरच्याने रात्री दार उघडे ठेवले, की खालच्याची पाळी कोरडी जाते. वरच्याचा ऊस आणि खालच्याची ज्वारी यांच्यामधले अंतर कित्येकदा तीन-चार शेतांहून अधिक नसते.

मात्र साम्य येथेच थांबते, आणि समीक्षेच्या दृष्टीने भेदच अधिक बोलका आहे. वेस्टर्नमधील वैर दोन घराण्यांचे असते. परभणीकडील धुऱ्याचे वैर बहुधा भावकीचे असते. एका आजोबाची जमीन नातवंडांत वाटली गेली, की तासभर नांगर इकडचा तिकडे झाल्यावरून दोन पिढ्यांचे बोलणे तुटते. अमेरिकेच्या पश्चिमेत खुल्या कुरणाला कुंपण पडले ते ग्लिडनने १८७४ मध्ये काटेरी तारेचे एकस्व मिळविल्यानंतर. १८९२ च्या वायोमिंगमधील जॉन्सन काउंटीच्या लढाईत बड्या गुरेपालकांनी छोट्या वसाहतवाल्यांविरुद्ध भाडोत्री बंदूकधारी आणले. वेस्टर्नचा रूपबंध या इतिहासातून उभा राहिला असल्याने त्याला शेवट उपलब्ध असतो. टेरिल आणि हॅनासी हे दोन म्हातारे ब्लँको दरीत समोरासमोर येतात, एकमेकांना मारतात आणि कथा मिटते. धुऱ्याच्या कथेला अशी दरी नाही. तिला मोजणी आहे, सातबारा आहे, वहिवाटीचा दावा आहे आणि पुढची तारीख आहे. बाप मेल्यावर त्याच्या जागी मुलांची नावे वारस म्हणून लागतात आणि दावा चालू राहतो. आपल्याकडच्या ग्रामीण कथेचा शेवट स्फोटाऐवजी झिजण्यात होतो, अशी तक्रार केली जाते. ही झीज लेखकाच्या कुवतीची मर्यादा नसून त्या व्यवहाराचाच आकार आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. परभणीत राहून लिहिणाऱ्या आसाराम लोमटे यांची कथा (त्यांच्या 'आलोक' या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) गावातील सत्तासंबंधांकडे पाहते, तेव्हा हा आकार वाचकाच्या हाती लागतो.

चित्रपटातील तिसरा माणूस म्हणजे पूर्वेकडून आलेला जहाजाचा कप्तान जेम्स मॅके. तो चारचौघांत मर्दुमकी सिद्ध करण्यास नकार देतो. बेफाम घोड्यावर तो बसतो ते घरची मंडळी पाहत नसताना. स्टीव्ह लीच या मुकादमाशी मारामारी करतो ती रात्री, प्रेक्षकांवाचून. वैराला प्रेक्षक लागतात आणि ते काढून घेतले की वैर लटके पडते, हा वायलर यांचा मर्मग्राही विचार. गावच्या पारावर तो फार लवकर कळतो. पण मॅकेची तटस्थता कशावर उभी आहे? त्या भूमीत त्याला भूतकाळ नाही आणि बिग मडी विकत घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी आहे. दोघांनाही पाणी देण्याचे वचन तो मालक होऊन देतो. त्याचा न्याय खरेदीखतातून आलेला आहे.

गोदावरीच्या खोऱ्यात ही जागा एखाद्या सज्जनाने नव्हे, तर कायद्याने घ्यायची होती. महाराष्ट्राचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातील वापर धरून, ६५ टक्क्यांहून कमी भरल्यास नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायाचे हे तत्त्व उचलून धरले. परभणीच्या दृष्टीने हा मोठाच आधार होय. परंतु वरच्या धरणांकडे जो न्याय मागायचा, तोच आपल्या चारीवर टेलच्या माणसाला लावावा लागतो. मराठवाडा एकाच वेळी तहानलेलाही आहे आणि, चारीच्या तोंडाशी, टेरिलही आहे.

आणि चारी जेथे संपते त्याच्याही पलीकडे माणसे आहेत. चित्रपटात मेजर एकटाच दरीत निघतो. लीच क्षणभर अडतो आणि मग निष्ठेने त्याच्यामागे जातो. त्याच्यामागे सारे गडी. या भांडणात त्यांची वीतभर जमीन नाही. धुऱ्यावरच्या भांडणात पाडव्याला ठरलेला सालगडी असाच पुढे घातला जातो. त्याला अडण्याचा क्षणही मिळत नाही, कारण उचल आधीच घेतलेली असते. गावाच्या गायरानाचा इतिहास याच माणसांचा आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. वेस्टर्नने ज्यांची भूमी घेतली त्या मूळ रहिवाशांना पडद्याच्या कडेला ठेवले, हा आक्षेप आता सर्वमान्य आहे. तोच आक्षेप धुऱ्याच्या कथेला लावून पाहिला पाहिजे. दोन भावांच्या भांडणात सारी सहानुभूती वाटून टाकणारी संहिता, त्या दोघांच्याही शेतात राबणाऱ्याला कोणते वाक्य देते? बहुधा निरोप सांगण्याचे, किंवा साक्षीला उभे राहण्याचे.

ग्रामीण साहित्याच्या अभ्यासात 'मातीशी नाते' हा शब्दप्रयोग सैलपणे वापरला जातो. नाते सातबाऱ्यावरचे की रोजगाराचे, पाळीच्या यादीतले की यादीबाहेरचे, हे त्यात झाकले जाते. पुढची धुऱ्याची कथा वाचताना अभ्यासकाने आधी एवढेच पाहावे, की दार कोणाच्या हातात आहे, आणि रात्री कंदील धरून त्या दाराशी कोणाला बसविले आहे.