गणपतीवाली नोट

इंडोनेशियाचं तिकीट बुक झाल्याची बातमी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि पाचव्या मिनिटाला मावशीचा मेसेज आला : ‘तिकडच्या नोटेवर आपला गणपती असतो. माझ्यासाठी एक आण. देवघरात ठेवीन.’ सोबत फोटोसुद्धा. तुम्हीही तो फॉरवर्ड पाहिला असेलच. मुसलमान देश, नोटेवर गणपती, खाली हात जोडलेल्या पाचसहा इमोजी.

म्हटलं, काय ते एक नोट आणायची! चिल!

ऑफिसात तर सगळ्यांनी बाली असंच गृहीत धरलेलं. ‘मग, स्विंगवर फोटो काढणार ना?’ आमच्याकडे इंडोनेशिया म्हणजे बाली, आणि बाली म्हणजे हनीमून. खरं तर बाली हे त्या देशाचं एक छोटंसं बेट. अशी सतरा हजारांहून जास्त बेटं आहेत, सातशेच्या वर भाषा आणि तीन टाइम झोन. लोकसंख्या साधारण २८ कोटी, त्यातले ८७ टक्के मुसलमान. फक्त बाली पाहून ‘इंडोनेशिया केलं’ म्हणणं म्हणजे गोव्याच्या एका बीचवर चार दिवस पडून ‘इंडिया केलं’ म्हणण्यासारखं. म्हणून मी बाली कटाप केलं. दहा दिवस, जकार्ता आणि योग्याकार्ता. बास.

व्हिसा सोपा आहे. उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया. घाबरू नका, दहा लाख रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार. आयुष्यात पहिल्यांदा लखपती झाल्याचं फीलिंग येतं आणि दोन कॉफ्यांत उतरतं.

जकार्ता म्हणजे ट्रॅफिक. मुंबईकराला ते सांगू नये, पण ओजेक म्हणजे बाइक टॅक्सी पकडल्याशिवाय तिथे तरणोपाय नाही. अशाच एका ओजेकच्या मागे बसून चालले होते, आणि अचानक रस्त्यात समोर अर्जुनाचा रथ! घोडे उधळलेले, कृष्ण सारथी, भर राजधानीच्या मुख्य रस्त्यावर. १९८७ सालचं शिल्प आहे. मी जाम खूश. मावशीला फोटो. मावशी : ‘बघ, सगळं आपलंच आहे.’

मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दुकानांच्या पाट्या वाचताना तर धमालच यायची. भाषेला ‘बहासा’, मानवाला ‘मानुसिया’, नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’. दोसा म्हणजे पाप! (उडुपीवाल्यांनी तिथे धंदा कसा करायचा?) आणि सगळ्यात कहर म्हणजे रमजानच्या रोज्याला तिथे ‘पुआसा’ म्हणतात. आपला उपवास. स्वर्गाला ‘सुर्गा’. नमाज पढणारा माणूसही सुर्गाच म्हणतो, त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही. मी वहीत शब्द लिहीत सुटले, जणू हरवलेलं सामान परत मिळतंय.

इस्तिकलाल मशीद मात्र चुकवू नका. साउथ-ईस्ट एशियातली ही सगळ्यात मोठी मशीद, १९७८ ला उघडली, आणि तिचा आर्किटेक्ट होता फ्रेडरिक सिलाबान, एक प्रोटेस्टंट ख्रिश्चन. रस्त्यापलीकडे कॅथलिक कॅथीड्रल. दोघांना जोडणारा भुयारी रस्ताही आता बांधलाय. २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस आले होते, तेव्हा त्याला भेट देऊन गेले.

मग ट्रेनने योग्याकार्ता. सहा-सात तास, खिडकीबाहेर भातखाचरं आणि नारळ. कोकण रेल्वेतच बसल्यासारखं. योग्याला लोक ‘जोग्जा’ म्हणतात. पुण्यासारखं गाव. कॉलेजं, नाटक, संगीत, आणि आपल्या भाषेचा अभिमान जरा जास्तच. स्टेशनजवळच्या गाड्यांवर ‘कोपी जोस’ मिळते, म्हणजे काळ्या कॉफीत धगधगता निखारा टाकतात, चर्रर्र आवाज येतो, आणि तशीच प्यायची. चव? कॉफीचीच. पण आवाजाचे पैसे वसूल. गुदेग नावाची कुयरीची भाजी मिळते, गूळ आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजवलेली, चॉकलेटी रंगाची आणि गोड. मालवणी माणसाला ती गोडी पचणार नाही. मला तिसऱ्या दिवशी आवडायला लागली. व्हेज मंडळींनी साम्बल जपून खावं, त्यात बऱ्याचदा वाटलेल्या कोळंबीचा मसाला असतो. तेम्पे मात्र बिनधास्त.

मी राहत होते तो होमस्टे चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘इबू’ म्हणत, म्हणजे आई. साठीच्या, डोक्यावर हिजाब, पाच वेळा नमाज, आणि इंग्लिश माझ्यापेक्षा बरं. त्यांनीच प्रंबाननच्या रामायण नृत्याला पाठवलं. नवव्या शतकातली शिव-विष्णू-ब्रह्मदेवाची देवळं, शिवाचं सत्तेचाळीस मीटर उंच. त्यांच्या पार्श्वभूमीवर उघड्या रंगमंचावर १९६१ पासून हा कार्यक्रम होतोय. संवाद नाहीत, फक्त गामेलानचा तो घुमणारा नाद आणि नाच. काम करणारे बहुतेक मुसलमान. हनुमानाने लंका पेटवली तेव्हा खरीच आग लागली स्टेजवर, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्या दिवशी सोनोबुदोयो म्युझियममध्ये वायांग, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. गावाकडे तो रात्रभर चालतो, इथे टुरिस्टांसाठी दोन तासांत आटपतात. एकटा दालांग सगळी पात्रं बोलतो. अर्जुन ओळखला, भीम ओळखला, पण मधेच एक ढेरपोट्या म्हातारा आणि त्याची वेडीवाकडी पोरं आली आणि प्रेक्षक खो-खो हसायला लागले. हे कोण? आमच्या महाभारतात नाहीत!

रात्री इबूंबरोबर ओट्यावर चहा पीत बसले होते. जोशात होते. म्हणून टाकलं, ‘इबू, तुमच्याकडचं हे सगळं आमचंच आहे की!’

त्या हसल्या. मग विचारलं, ‘तुमच्या द्रौपदीला नवरे किती?’

‘पाच.’

‘आमच्या द्रौपदीला एकच. मोठा पांडव. आणि अर्जुनाची बायको कोण, माहितीये? श्रीकांदी.’

श्रीकांदी म्हणजे आपला शिखंडी! जावात ती धनुष्य चालवणारी बाई आहे, अर्जुनाची बायको. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं मेडल मिळालं ते बायकांच्या तिरंदाजी टीमला, सिल्व्हर. त्या तिघींना देश श्रीकांदी म्हणूनच ओळखतो, २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘३ श्रीकांदी’ नावाचा सिनेमाही आला. आणि तो ढेरपोट्या म्हातारा म्हणजे सेमार, पांडवांचा नोकर, पण मुळात देवच. मोठमोठे देवही त्याच्यापुढे नमतात. ही पात्रं जावाने स्वतः घडवली.

‘तुमच्याकडून आलं असेल,’ इबू म्हणाल्या, ‘पण हजार वर्षं आमच्या घरात राहिलंय. आता ते पाहुणं नाही.’

चहा संपेपर्यंत मी गप्प. दहा दिवस एवढा मोठा देश बघायला आलेली मी, आणि वहीत काय, तर आपल्यासारखे दिसणारे शब्द. आपल्यासारखं नव्हतं ते डोळ्यांसमोर असून दिसलंच नव्हतं. त्या रात्री वहीत नवीन पान घेतलं.

त्या पानावर पहिली नोंद इबूंनीच दिली. १९२८ साली वेगवेगळ्या बेटांवरच्या तरुणांनी शपथ घेतली, एक भूमी, एक राष्ट्र, एक भाषा. सगळ्यात मोठी जमात जावानीज, पण भाषा निवडली ती मलय, व्यापाऱ्यांची, फारच थोड्यांच्या घरात बोलली जाणारी. म्हणजे बहुसंख्यांनी आपली भाषा लादली नाही. इबू घरात जावानीज बोलतात, बँकेत इंडोनेशियन. महाराष्ट्रात भाषेवरून एवढी डोकी फुटत असताना हे ऐकायला भारी वाटतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका, मी गेले होते आणि तोंडावर आपटले. परतीच्या वाटेवर जकार्त्याच्या ग्लोडोकमध्ये, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमध्ये, फिरले. लाल कंदील, नूडल्स, देवळात उदबत्त्यांचा धूर. पण १९६७ पासून २००० पर्यंत या लोकांना आपलं नवीन वर्ष उघडपणे साजरं करायची बंदी होती. १९९८ च्या मे महिन्यात दंगलीत इथली दुकानं जळाली. त्याच नवीन वर्षाला २००३ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. ओळखपत्रावर आजही धर्माचा रकाना असतो. जुने आदिवासी पंथ मानणाऱ्यांना त्यात स्वतःची श्रद्धा लिहिता यावी म्हणून कोर्टात जावं लागलं, निकाल लागला २०१७ मध्ये.

आणि नोट? एअरपोर्टवरच्या मनी एक्स्चेंजमध्ये मोबाइलवरचा फोटो दाखवला. पोरगा माझ्याकडे बघून गोड हसला. असा फोटो दाखवणारी मी पहिलीच इंडियन नसणार. गणपतीची वीस हजारांची नोट १९९८ मध्ये निघाली आणि २००८ च्या शेवटी चलनातून गेली. फॉरवर्ड मात्र अजून चालू आहे. त्याने आजची वीस हजारांची नोट हातात ठेवली.

तीच मावशीला नेऊन दिली. तिने चष्मा लावला, नोट उलटीपालटी केली.

‘हा कोण गं?’

‘सॅम रातुलांगी. सुलावेसीचा. ख्रिश्चन. गणिताचा मास्तर होता, नंतर तिथला पहिला गव्हर्नर झाला.’

‘सुलावेसी कुठे आलं?’

मी मोबाइलवर नकाशा उघडला. मावशीने गॅस बारीक केला आणि शेजारी येऊन बसली.