कापलेला लॉग

गेल्या आठवड्यात मी एका मुलीची माफी मागितली. कारण होतं एक सबस्ट्रिंग!

तर झालं असं की, आमच्या अ‍ॅप्लिकेशनचे लॉग ओरॅकलच्या एका टेबलात जातात. (फाइलमध्ये का नाही? सपोर्टवाल्यांना सर्व्हरवर लॉगिन नाही, क्वेरी मात्र मारता येते.) मेसेजचा कॉलम व्हारचार२(४०००). जावाचा लांबलचक स्टॅक ट्रेस आला की इन्सर्टच फेल. मग मी शहाण्याने मेसेज ४००० अक्षरांवर कापायला सुरुवात केली. तरी ज्यात ग्राहकांची नावं-पत्ते देवनागरीत, ते मेसेज फेलच. ही मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये आपला 'क' ३ बाइट खातो, 'की' तर ६, हे तेव्हा डोक्यात शिरलं. भागाकार केला, १३०० वर कापलं आणि घरी जाऊन झोपलो.

महिन्याभराने रात्रीचा बॅच जॉब पडायला लागला. लॉगमध्ये फक्त 'ट्रान्झॅक्शन रोलबॅक' आणि खाली टीममधल्या नवीन मुलीच्या क्लासचं नाव. सगळ्यांचं बोट तिच्याकडे, माझंसुद्धा. बिचारी दोन रात्री थांबून स्वतःचा कोड ओळ न ओळ तपासत होती. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "अरे, पण ह्यात 'कॉज्ड बाय' कुठेच कसं नाही?"

माझ्या पोटात गोळाच आला. जावाच्या ट्रेसमध्ये वरती असतं ते वरवरचं एक्सेप्शन. मूळ कारण सगळ्यात खाली, शेवटच्या 'कॉज्ड बाय'मध्ये. मी नेमकं तेच कापत होतो! त्या रात्री पूर्ण ट्रेस फाइलमध्ये लिहिला, तर भलतंच निघालं: कनेक्शन पूल संपलेला. तिच्या क्लासचा गुन्हा एवढाच की तो रांगेत शेवटी उभा होता.

आता दोन कॉलम आहेत. एकात शेवटच्या 'कॉज्ड बाय'ची ओळ, शोधायला. दुसरा क्लॉब, त्यात अख्खा ट्रेस. मोठा क्लॉब ओरॅकल वेगळ्या जागी ठेवतं, त्यामुळे सिलेक्ट स्टार मारला नाही तर यादी झटपट येते. २०१३ च्या १२सी पासून व्हारचार२ ३२,७६७ बाइटपर्यंत वाढवता येतो, पण ती सेटिंग एकदा केली की मागे फिरवता येत नाही, म्हणून आमचा डीबीए ऐकेना. टेबल फुगतं हे खरंच. तारखेनुसार पार्टिशन केलीत, ९० दिवसांनी जुनं ड्रॉप.

माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "चहा पाज. आणि आधी ते सबस्ट्रिंग काढ."

काढलंय. चहा सोमवारी.