वर्षाची ज्वारी

शिवरात्र जवळ आली की आमच्या सोलापुरातल्या घराघरांत एकच विषय असायचा. यंदा ज्वारी भरायची कुठली? मंगळवेढ्याची मिळाली तर उत्तमच. तिथल्या काळ्या रानात शाळू जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पिकतो. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या आयांनी ते कधीच देऊन टाकलं होतं. सुगीत भाव उतरलेला असतो, तेव्हाच वर्षाचं घ्यायचं. गिरणीतला पगार पुरायचा नाही, म्हणून पैसे दिवाळीपासूनच डब्यात साठत असत.

आईबरोबर दुकानात जाणं हे शिक्षण होतं. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, वरच्या दाण्यांवर तिचा विश्वास नसे. तळची मूठ काढून तळहातावर पसरायची, फुंकर मारायची आणि एक दाणा दाढेखाली धरायची. कट् असा आवाज आला तर माल वाळलेला. दाणा नुसता चेपला तर ती मूठ परत पोत्यात. दुकानदार म्हणायचा, "वैनी, मालदांडी आहे, डोळे झाकून न्या." आई डोळे मुळीच झाकायची नाही.

घरी आलेली ज्वारी दोन दिवस उन्हात पडायची, मग कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचे थर देत पत्र्याच्या कोठीत जायची. चाळणीखाली पडलेल्या कण्या वाया जात नसत, त्या शिजवून ताकाबरोबर खायच्या. उरलेल्या भाकरी उन्हात वाळवून कडक करायच्या. ती कडक भाकरी आता पाकिटातून, शेंगाचटणीच्या शेजारी, दुकानात मांडलेली दिसते. आमच्याकडे ती शिळं न टाकण्याची रीत होती.

१९७२च्या दुष्काळात कोठी रिकामी झाली. रेशनवर मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापता थापता फाटायची. आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून बघायची, तरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. ते तुकडे तव्यावरच जोडून ती आमच्या ताटात वाढायची आणि अख्खी भाकरी वडिलांच्या डब्यात घालायची. मिलो खाल्लेलं आमच्यातलं कुणी आजही पानात काही टाकत नाही.

भाजीचं गणित पाण्यावर होतं. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, नळ येईल तेव्हा खरा. त्यामुळे परसात बागेसाठी म्हणून पाणी नव्हतंच. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं पाणी घेवड्याच्या वेलाला, न्हाणीचं सांडपाणी अळूला. शेवग्याला कुणी काहीच देत नसे, आणि तोच शेंगा, फुलं, पाला असं सगळं द्यायचा. उरलेल्या भाजीसाठी मंगळवार बाजार. तोही दिवे लागल्यावर, कारण तेव्हा बायका पाट्या रिकाम्या करून घरी निघायच्या घाईत असत आणि वाटा मोठा मिळे.

अंबाडी मात्र सगळ्यांच्या दारी. आमची अंबाडी, पलीकडच्या तेलुगू घरातली गोंगुरा, मागच्या कानडी आजींची पुंडी पल्ल्या. झाड तेच. आमच्याकडे त्यात कण्या आणि लसणाची फोडणी, तेलुगू अक्कांकडे लाल मिरचीचं झणझणीत लोणचं. भिंतीवरून वाट्या जायच्या आणि रिकाम्या कधी परत येत नसत. बी सरलं तर ज्याच्या घरी असेल त्यानं द्यायचं. विकत आणल्याचं आम्हाला आठवत नाही.

या काटकसरीचं आज फार कौतुक होतं. जरूर व्हावं. पण ती बायकांच्या झोपेतून निघायची. शेजारच्या अक्का दिवसभर हजार विड्या वळून उठायच्या आणि मग सांडगे घालायला बसायच्या. तेंदूच्या पानांनी त्यांची बोटं काळपट झालेली असत, म्हणून पीठ हातात घेण्याआधी त्या राखेनं हात घासायच्या. आमच्या आया सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या, आणि कोरड्यास संपलं असेल तर तेल-चटणीवर. पानात काय उरलंय, हे आम्ही तेव्हा वाकून बघितलं नाही. याची टोचणी आम्हा भावंडांना अजून आहे.

आई गेली त्या वर्षी चैत्रात आम्ही कोठी उघडली. पाल्याचा चुरा बाजूला केला तर खाली तीन पायल्या ज्वारी निघाली, स्वच्छ, एकही किडका दाणा नसलेली. चौघांत वाटली. पिशव्या बांधायच्या आधी, कुणी कुणाला न सांगता, प्रत्येकानं एकेक दाणा दाढेखाली धरला. कट् वाजला.