दार एक, बिऱ्हाडे चार

शाळेच्या निकालपत्रकांचे आणि फीच्या हिशेबाचे काम चार संगणकांवर चालते. सुटीत ते घरून पाहता यावेत, अशी कार्यालयाची मागणी होती. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपची सोय एक्सपी प्रोफेशनलपासून, म्हणजे २००१ पासून आहे. (होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता येते, पण ती स्वतःत कोणाला येऊ देत नाही.)

अडचण राउटरची. बाहेरून शाळेचा पत्ता एकच दिसतो. वाड्याला दार एक आणि आत बिऱ्हाडे चार. पत्र द्यायचे कोणाकडे? त्यासाठी पोर्ट क्रमांक. रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक ३३८९. प्रत्येक संगणकाला आतला पत्ता कायमचा नेमून द्यायचा. मग बाहेरचा ३३९० पहिल्याच्या ३३८९ कडे, ३३९१ दुसऱ्याच्या, अशी वाटणी आम्ही कागदावर मांडली. अर्ध्या तासाचे काम.

तरीही ते आम्ही केले नाही. उघडे पोर्ट साऱ्या जगाला उघडे असते; क्रमांक बदलून चोराला फार तर थोडा उशीर होतो. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या 'ब्लूकीप' त्रुटीमुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायही शिरता येत होते. आणि आत आपल्या मुलांचे गुण आहेत.

म्हणून व्हीपीएन घेतले. आधी राउटरला ओळख पटवायची. मग चारही संगणक आतल्या पत्त्यानेच सापडतात, पोर्टांची वाटणी लागत नाही. एक पासवर्ड जास्त टाकावा लागतो म्हणून कार्यालयातील मंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत.