कोविड मला, ताप पोराला

2021च्या एप्रिलात मला कोविड झाला. निघोज्यात भाड्याची एकच खोली. वेगळं राहणार कुठं? पण पोराला साधी शिंकही आली नाही. मी परत कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायला लागलो आणि आमच्यापुरता तो विषय मिटला.

मे संपता संपता पोरगा तापला. ताप हटेना, पोटात कळा, उलट्या. एका डॉक्टरांनी टायफॉइडची तपासणी केली, दुसऱ्यांना अपेंडिक्सचा संशय आला. त्यांना तरी काय बोल लावायचा? दुखत पोटच होतं. हिचं लक्ष मात्र त्याच्या डोळ्यांकडं. लालभडक, पण ना चिपडं ना पाणी. पिंपरीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ते डोळे पाहिले आणि मलाच विचारलं, "घरात कोविड कधी झाला होता?"

पोराची आरटीपीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी भरपूर. विषाणू कधीच येऊन गेला होता. त्याच्यावर उठलेली प्रतिकारशक्ती क्वचित एखाद्या मुलात दोन ते सहा आठवड्यांनी शरीरावरच उलटते. याचं नाव एमआयएस-सी. इंग्लंडच्या डॉक्टरांनी 2020च्या एप्रिलात याचा इशारा दिला होता. जपानच्या डॉ. कावासाकींनी 1967 मध्ये मांडलेल्या आजाराशी याचं साम्य, म्हणून लगेच टूडी इको. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगल्या नव्हत्या, पण हृदयाचा जोर कमी पडला होता. रक्तातला डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांची खूण, वाढलेला. आतून सुजलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त लवकर गोठतं, बाई म्हणाल्या. एवढ्याशा पोराच्या रक्तात गुठळ्या! आम्ही त्या म्हाताऱ्यांच्या झटक्यातच ऐकलेल्या.

उपचार म्हणजे आयव्हीआयजी, शिरेतून द्यायच्या महागड्या अँटीबॉडी; किलोमागे दोन ग्रॅम. पोरगा चोवीस किलोचा; पाच-पाच ग्रॅमच्या दहा बाटल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पोराचं वजन कमी असतं तर बरं. भिशी उचलली, गावाकडं फोन केले. जोडीला स्टेरॉइड, आणि रक्त पातळ राहावं म्हणून मांडीत कातडीखाली इंजेक्शन. सलाइनला तो हूं की चूं करायचा नाही, पण ती बारीक सुई दिसली की मांड्या आवळून धरायचा. टोचल्या जागी काळंनिळं पडायचं. बाटल्या संपल्या आणि ताप उतरला.

घरी सोडताना ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली. फ्लू किंवा कांजण्यांचा संसर्ग झाला, तर त्यावर ही गोळी यकृताला आणि मेंदूला बाधू शकते, म्हणून आजारी पोरांपासून लांब ठेवा, असं बजावलं. आणि नेमक्या शेजारच्या खोलीत कांजण्या निघाल्या. काकू म्हणाल्या, "देवी आलीय, पोराला पाया पडायला पाठव." हिनं त्याच दुपारी पोराला घेऊन मोशीला बहिणीचं घर गाठलं. काकू पुढं कितीतरी दिवस नळावरही हिच्याशी बोलत नव्हत्या.